विश्लेषण : झरीच्या सभेपासून नवव्या अनुसूचीपर्यंत… गोदावरी परुळेकरांच्या आयुष्यात घटनादुरुस्त्यांनी काय दिले, काय घेतले?

तलासरीच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या गोदावरी परुळेकर डहाणू-तलासरीत आजही गोदूताई म्हणून ओळखल्या जातात. वेठबिगारीविरुद्धच्या वारली लढ्याच्या नेत्या आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाच्या लेखिका एवढी त्यांची माहिती बहुतेकांना असते. राज्यघटना आणि तिच्या दुरुस्त्या या आयुष्याला कुठे कुठे भिडल्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. एका घटनादुरुस्तीने कुळांच्या जमिनीला न्यायालयीन आव्हानापासून कवच दिले. त्याच घटनेतील दुसऱ्या तरतुदीने गोदूताई आणि त्यांचे पती शामराव यांना खटला न चालवता तुरुंगात ठेवता आले.

पुण्याची वकिलीण तलासरीत कशी आली?

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७चा, पुण्यातला. वडील लक्ष्मणराव गोखले नामांकित वकील. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. त्या काळी महाराष्ट्रात ही पदवी घेणाऱ्या स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. कोर्टाची पायरी चढण्याऐवजी त्या सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. घरच्यांना ते रुचले नाही. पुणे सुटले, मुंबई गाठली. तिथे नामदार गोखल्यांनी स्थापन केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीने त्यांना आजीव सदस्य करून घेतले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. साक्षरता प्रसार, घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना अशी कामे त्यांनी मुंबईत केली.

याच संस्थेत शामराव विष्णू परुळेकर होते. १९३७च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले होते आणि कोकणातील खोतीविरुद्धच्या लढ्यात त्यांच्यासोबत होते. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. १९३९ मध्ये दोघांचे लग्न झाले, दोघे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगातही गेले. सुटल्यावर ठाणे जिल्ह्यात किसान सभेचे काम सुरू झाले.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्रातील किसान सभेचे अधिवेशन भरले. तिथे उंबरगाव भागातून काही वारली आले होते. माह्या धांगडा त्यांपैकीच एक. आपल्या गावात काय चालते हे त्यांनी परिषदेत सांगितले आणि परुळेकर दाम्पत्याचा पुढचा पत्ता ठरला. तेव्हा तलासरी हा स्वतंत्र तालुका नव्हता, उंबरगावचा भाग होता. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीचा पट्टा महाराष्ट्रात राहिला.

वेठ म्हणजे नेमके काय होते?

वेठ म्हणजे मालक बोलावील तेव्हा, सांगेल ते काम, मोबदल्याशिवाय. आधी मालकाची लावणी, मग स्वतःची. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी घ्यायची आणि पीक आले की घेतले त्याहून बरेच जास्त परत करायचे. मालकाचे गवत कापायचे, लाकूड तोडायचे. काम नाकारले तर मार ठरलेला.

सर्वांत वाईट अवस्था लग्नगड्याची. लग्नासाठी मालकाकडून कर्ज काढलेला तरुण ते फिटेपर्यंत मालकाकडे राबायचा, आणि लग्नानंतर त्याची बायकोही. कर्जाचा हिशेब मालकाच्या वहीत, आणि वाचता न येणाऱ्या माणसाला तो फिटल्याचे कळणार तरी कसे? पिढी सरली तरी कर्ज सरत नसे.

हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. १९३५च्या कायद्याखाली डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा हे अंशतः वगळलेले क्षेत्र ठरले होते. म्हणजे इथल्या आदिवासींसाठी गव्हर्नरकडे विशेष अधिकार होते. मुंबई सरकारने नेमलेले आयसीएस अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३९च्या अहवालात आदिवासी पट्ट्यातील सावकारी आणि सक्तीच्या मजुरीचे चित्र मांडले होते. अहवाल आला, वेठ चालूच राहिली.

झरीत काय ठरले?

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. ठरले ते अगदी थोडक्यात सांगता येते : वेठ करायची नाही, मजुरी घेतल्याशिवाय काम करायचे नाही, दिवसाला बारा आणे घ्यायचे, आणि कोणी मारायला आला तर एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून उभे राहायचे. त्यानंतर गोदूताई, शामराव आणि वारली कार्यकर्ते पाड्यापाड्यांवर फिरले. लग्नगडी मालकांच्या वाड्यांतून बाहेर पडू लागले. यासाठी ना नवा कायदा झाला होता, ना सरकारचा एखादा आदेश निघाला होता.

प्रत्युत्तर यायला चार-पाच महिने लागले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला, सभा आहे आणि गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशा अफवांमुळे हजारो वारली गोळा झाले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. पुढच्या वर्षी गवतकापणी आणि जंगलतोडीच्या दरांसाठी संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये आणि जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया या मागण्या होत्या. नोव्हेंबर १९४६ मध्ये परुळेकर दाम्पत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातील नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला, पुन्हा पाच जणांचे प्राण गेले. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा सात महिने उरले होते.

राज्यघटना आली तेव्हा काय बदलले?

२६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या घटनेच्या अनुच्छेद २३ने वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांवर बंदी घातली. मूलभूत हक्कांतले बहुतेक हक्क सरकारविरुद्ध असतात. हा हक्क मात्र सरकारबरोबरच मालक, सावकार, ठेकेदार अशा खासगी माणसाविरुद्धही आहे. वेठबिगार रद्द करणारा केंद्रीय कायदा यायला मात्र १९७६ उजाडले. आणि १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीसुद्धा अनुच्छेद २३मधली सक्तीची मजुरीच आहे. झरीच्या सभेने वेठ आणि बारा आणे हे दोन मुद्दे एकाच दमात मांडले होते. कायद्याला ते एकत्र जोडायला ३७ वर्षे लागली.

पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रांत आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर आणि सावकारीवर निर्बंध घालण्याचे अधिकार राज्यपालांना मिळाले. डहाणू आणि तलासरी हे तालुके या क्षेत्रात येतात.

जमिनीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. मूळ घटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. जमीन काढून घेतली तर भरपाई द्यावी लागे आणि जमीनदार थेट न्यायालयात जाऊ शकत. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केला. देशभरातले असे कायदे एकामागोमाग एक कोसळतील, अशी भीती निर्माण झाली.

पहिल्या घटनादुरुस्तीचा डहाणूशी काय संबंध?

थेट संबंध आहे. जून १९५१ मध्ये झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१अ, ३१ब आणि नववी अनुसूची घटनेत घातली. या अनुसूचीत ज्या कायद्याचे नाव असेल, तो मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून रद्द करता येणार नाही, अशी ही रचना. पहिल्या यादीत फक्त १३ कायदे होते. क्रमांक एकवर बिहारचा तो कायदा आणि क्रमांक दोनवर मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८. डहाणू-तलासरीतील कुळांना लागू होणारा कायदा हाच. याच यादीत मुंबई खोती निर्मूलन कायदाही होता, आणि ही दुरुस्ती झाली तेव्हा केंद्रात कायदामंत्री होते डॉ. आंबेडकर. ज्या खोतीविरुद्ध शामराव त्यांच्यासोबत उभे राहिले होते, तिच्या उच्चाटनाला तेरा वर्षांनी घटनेचे कवच मिळाले.

पण याच दुरुस्तीची दुसरी बाजू फार कमी वेळा सांगितली जाते. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने वाजवी निर्बंध घालण्याची मुभा तिने सरकारला दिली. त्याला निमित्त होते १९५०च्या रोमेश थापर निकालाचे. मुंबईहून निघणाऱ्या क्रॉस रोड्स या डाव्या विचारांच्या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात उठवली होती. म्हणजे परुळेकरांच्या विचाराच्या माणसांना जमिनीच्या बाबतीत जे हवे होते ते आणि बोलण्याच्या बाबतीत जे नको होते ते, दोन्ही एकाच दुरुस्तीतून मिळाले.

पुढे १९५५च्या चौथ्या दुरुस्तीने ३१अचा विस्तार केला. १९५६ मध्ये कुळकायद्यात मोठा बदल झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कूळ म्हणून कसणारा माणूस कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले, पण डिसेंबर १९५८ मध्ये श्रीराम रामनारायण मेढी प्रकरणात न्यायालयाने अनुच्छेद ३१अच्या आधारे हा बदल वैध ठरवला. १९६४च्या सतराव्या दुरुस्तीने नवव्या अनुसूचीत आणखी ४४ कायदे घातले. त्याच दुरुस्तीत लहान शेतकऱ्यासाठी एक महत्त्वाची अट आहे : कमाल मर्यादेच्या आतली, स्वतः कसत असलेली जमीन सरकारने घेतली तर बाजारभावापेक्षा कमी भरपाई देता येत नाही.

मग सर्व वारल्यांना जमीन मिळाली का?

नाही. कूळ असल्याचा पुरावा लागतो, आणि ज्याचे नाव सात-बारावर चढलेच नाही त्याला तो द्यायचा कसा? लग्नगडी तर कूळही नव्हता, नुसता राबणारा. ज्यांची जमीन आधीच कर्जापोटी गेली होती, त्यांना कुळकायद्याचा उपयोग नव्हता. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो उचलून धरला. पण त्याची मुदत १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरांपुरती आहे. गोदूताई तलासरीत आल्या तेव्हा ज्या जमिनी सावकारांच्या नावावर होऊन गेल्या होत्या, त्या या मुदतीच्या बाहेरच राहिल्या. सर्वाधिक अन्याय ज्या काळात झाला, नेमका तोच काळ सुटला, असे म्हणायला हरकत नाही.

खटल्याविना तुरुंग घटनेत कसा बसतो?

अनुच्छेद २१ जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करतो. त्याला लागूनच असलेला अनुच्छेद २२ मात्र प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला परवानगी देतो. गुन्हा घडलेला नाही, पण घडेल अशी शंका आहे, तेवढ्यावर माणसाला अटकेत ठेवता येते. तीन महिन्यांपलीकडे ठेवायचे तर साधारणपणे सल्लागार मंडळाची संमती लागते. १९५०चा प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा याच आधारावर झाला होता.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना परुळेकर हे नाव भेटते ते इथे. शामराव परुळेकर विरुद्ध जिल्हा दंडाधिकारी, ठाणे या नावाचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत. पहिला १९५२चा. स्थानबद्धतेचा कायदा तात्पुरता होता, संसदेने त्याची मुदत वाढवली. त्यामुळे आधीच आत असलेल्या माणसाची कैदही आपोआप वाढते का, हा प्रश्न होता. न्यायालयाने मुदतवाढ वैध ठरवली. दुसरा १९५६चा, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या वर्षातला. तोही अर्ज फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, ठाण्याच्या मतदारांनी शामरावांना लोकसभेवर पाठवले.

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले आणि पहिली राष्ट्रीय आणीबाणी लागली. भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्टांची धरपकड झाली. अनुच्छेद ३५९खालील राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद २१ आणि २२साठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला होता. ही आणीबाणी, युद्ध महिन्याभरात थांबले तरी, जानेवारी १९६८पर्यंत चालू राहिली. गोदूताई आणि शामराव याच काळात तुरुंगात होते. ऑगस्ट १९६५ मध्ये शामराव मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात असतानाच वारले. कोणत्याही न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावलेली नव्हती.

त्याच वर्षी मुंबईच्या तुरुंगातील आणखी एक स्थानबद्ध, प्रभाकर संझगिरी, यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक छोटा पण मोलाचा निकाल दिला. त्यांनी कोठडीत अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले होते आणि सरकार ते बाहेर पाठवू देत नव्हते. नियमांत नसलेले बंधन सरकारला घालता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. गोदूताईंनीही पुढे आपल्या तुरुंगवासावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच आकडा आहे : ‘बंदिवासाची आठ वर्षे’.

४४वी घटनादुरुस्ती अर्धवट का म्हटली जाते?

१९७५च्या आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, ही दुरुस्ती झाली. तिने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. तो आता अनुच्छेद ३००अखाली घटनात्मक हक्क आहे, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत, ही दुसरी मोठी देणगी. १९६२ साली ही तरतूद असती, तर परुळेकर दाम्पत्याला निदान न्यायालयाचे दार तरी मोकळे राहिले असते.

याच दुरुस्तीच्या कलम ३ने स्थानबद्धतेची तीन महिन्यांची मर्यादा दोन महिन्यांवर आणली आणि सल्लागार मंडळाच्या नेमणुकीत उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीची अट घातली. संसदेने हे मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण कलम लागू करण्याची तारीख ठरवणे केंद्र सरकारच्या हाती होते. ती अधिसूचना आजवर निघालेली नाही. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. या एका बाबतीत सर्वांचे एकमत दिसते.

नवव्या अनुसूचीचे कवचही आता पूर्वीइतके पक्के नाही. २४ एप्रिल १९७३च्या केशवानंद भारती निकालानंतर तिच्यात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का देत असतील तर तपासता येतात, असे २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. कुळकायदा मुळातल्या तेरांपैकी, १९५१चा. त्यामुळे त्याचे स्थान अबाधित आहे.

शेवटची वर्षे आणि पेसा

पतीच्या मृत्यूनंतर गोदूताईंचे काम थांबले नाही. १९७० मध्ये ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीत वारल्यांवर तोवर जे लिहिले गेले होते, त्याला बहुधा अभ्यासकाचा किंवा दयाळू पाहुण्याचा सूर असे. या पुस्तकात वारली स्वतः निर्णय घेताना दिसतात. तलासरीतील वसतिगृहे आणि शाळा उभ्या करणाऱ्या आदिवासी प्रगती मंडळामागेही परुळेकर दाम्पत्यच होते. १९८६ मध्ये गोदूताई अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या महिला.

१९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. अनुसूचित क्षेत्रे मात्र तिने बाजूला ठेवली होती. तिथे ती कशी लागू करायची, हे संसदेने वेगळ्या कायद्याने ठरवायचे होते. गोदूताईंचे निधन ८ ऑक्टोबर १९९६ रोजी झाले. २४ डिसेंबर १९९६ रोजी पेसा कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ मध्ये. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर हा ठाण्यापासून वेगळा जिल्हा झाला.

पेसाच्या कलम ४मध्ये अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा आणि पंचायतींना द्यायच्या अधिकारांची यादी आहे. जमीन संपादनापूर्वी सल्लामसलत, गौण वनोपजाची मालकी, आदिवासींची बेकायदा गेलेली जमीन परत मिळवून देणे हे तिच्यात आहे. अनुसूचित जमातींना कर्ज देणाऱ्या सावकारीवर नियंत्रण हाही अधिकार त्याच यादीत आहे.